होळीपर्यंत जमिनीत राहिलेला बटाटा: महू तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरजवळच्या महू तालुक्यातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. जमीन ज्यांच्या नावावर आहे त्यांना सगळे काकू म्हणतात, मीही इथे तसंच म्हणतो. यजमान गेल्यापासून त्या इंदुरात, रामबागेत राहतात. शेत गावातला एक बटाईदार कसतो. बियाणं-खताचा खर्च अर्धाअर्धा, मेहनत त्याची आणि माल निम्मानिम्मा. हिशेब आणि बाजाराची धावपळ पुतण्या बघतो. तो इंदुरात नोकरीला आहे, त्यामुळे शेतावर त्याचा पाय लागतो तो शनिवार-रविवारीच.

त्या वर्षी सहा एकर बटाटा होता. चार एकरांत चिप्सच्या कारखान्यासाठी ठरवून लावलेला वाण. तो कारखान्याच्या तारखेप्रमाणे फेब्रुवारीच्या मध्याला निघाला, त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. उरलेल्या दोन एकरांत कुफरी ज्योती. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९६८ साली प्रसारित केलेला हा वाण आजही माळव्यात घरोघरी लावला जातो, कारण भाजीला चालतो, बाजारात लगेच ओळखला जातो आणि काळ्या जमिनीत भरवशाचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस लावलेला हा बटाटा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तयार झाला. पाणी आधीच तोडलं होतं, पाला कापला होता. पंधरा दिवसांत साल पक्की झाली. अंगठ्यानं घासून बघितलं तरी सुटेना. म्हणजे २० फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला कसलीच आडकाठी नव्हती.

काढणी झाली नाही ती भावामुळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर प्रदेश, पंजाब आणि गुजरातचा डीसा भाग, सगळीकडचा बटाटा एकदम बाजारात येतो. इंदूरच्या चोइथराम मंडीत त्या आठवड्यात चांगल्या मालालाही लागवडीचा खर्च निघेल एवढा भाव नव्हता. गुल्ला आणि छर्री, म्हणजे मधला आणि बारीक माल, तर कुणी विचारत नव्हतं. काकूंनी ठरवलं, होळीनंतर काढू. ‘‘जमिनीत आहे तोवर त्याला भाडं लागत नाही आणि बारदानही लागत नाही,’’ हे त्यांचं म्हणणं.

हा विचार उथळ नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी असाच बटाटा थांबवून ठेवला होता आणि चार पैसे जास्त मिळवले होते. ते वर्ष थंड होतं, मार्च उजाडला तरी रात्री पांघरूण लागत होतं. घरात लक्षात राहिलं ते थांबल्याचं फळ. त्या वर्षीची थंडी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

अडचण कशी उभी राहिली

या भागात बटाटा वेचायला झाबुआ-आलीराजपूरकडची भिलाला आणि भिल कुटुंबं येतात. त्यांच्या मुकादमानं फेब्रुवारीच्या अखेरीस काकूंना विचारलं होतं, की काढायचा असेल तर आता काढा, पुढे आम्ही भगोरियाला गावी जाऊ. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानीकडे भगोरियाचे हाट भरतात. त्या दिवसांत कुणीही मजुरीला थांबत नाही, आणि का थांबावं? वर्षाचा सण आहे. एकदा गेलेली माणसं होळी-धुळवड करून परततात; इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेल्याशिवाय कामांना नेहमीचा वेग येत नाही. त्यातच गव्हाची कापणी सुरू होते. एवढं सगळं ठाऊक असूनही काकूंनी मुकादमाला ‘‘तुम्ही जाऊन या, मग बघू’’ असं सांगितलं.

मुकादम गेल्यावर दोनच दिवसांत आभाळ भरून आलं आणि रात्रीतून अवकाळी पडून गेला. फार नाही, पण खालच्या एकरात नाल्याच्या बाजूला सऱ्यांमध्ये पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बटाईदारानं वरंबा उकरून पाहिला, हाताला एक मऊ बटाटा लागला आणि वासही आला. त्यानं पुतण्याला फोन केला, पुतण्यानं मला.

मी गेलो तेव्हा काकूंचा प्रश्न सरळ होता: ‘‘होळीपर्यंत कळ काढता येईल की नाही, एवढंच सांगा.’’ याचं उत्तर बांधावरून देता येत नव्हतं. वरून शेत स्वच्छ दिसत होतं. पाला वाळून गेलेला, वरंबे जागच्या जागी.

जमिनीत काय चाललं होतं

दोन एकर एकाच तुकड्यात असले तरी जमीन सारखी नाही. वरचा एकर हलका, मुरमाड. खालचा खोल काळा. दोन्हींत मिळून दहा ठिकाणी सुमारे मीटरभर लांबीचा वरंबा पूर्ण उकरला. निघालेले सगळे बटाटे बादलीत धुतले आणि गोणपाटावर पाच ढीग केले: निर्मळ, हिरवे, अळी लागलेले, मऊ पडलेले, कोंब आलेले. धुतल्याशिवाय यातलं काहीही नीट दिसत नाही. काळ्या मातीचा लेप असला की डोळ्याजवळचं सुईएवढं भोक लपतं.

वरच्या एकरात शंभरातले चौऱ्याऐंशी निर्मळ होते, नऊ हिरवे, चार अळीचे, तीन कोंबाचे. खालच्यात निर्मळ एकाहत्तर, अळीचे सतरा, हिरवे सहा आणि मऊ पडलेले सहा.

आकडे वेगळे का आले हे समजून घेणं गरजेचं होतं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरणार होते. काळी माती वाळली की भेगाळते. खालच्या एकरात पाऊस पडण्याआधी वरंब्यांवर बोट आत जाईल एवढ्या भेगा होत्या, असं बटाईदार म्हणाला, आणि न मिटलेल्या काही भेगा मलाही दिसल्या. बटाट्यावरची पाकोळी, म्हणजे एक बारीक पतंग, या भेगांतून थेट बटाट्यापर्यंत पोचते आणि डोळ्यांजवळ अंडी घालते. अळी डोळ्यातून आत शिरते, बोगदा करत जाते आणि तिची काळपट विष्ठा भोकाच्या तोंडाशी साठते. ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे ती १९०६च्या सुमारास इटलीहून आलेल्या बियाण्याबरोबर मुंबई इलाख्यात आली आणि मग दख्खन-माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगलीच स्थिरावली. उबदार हवेत तिची एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते. म्हणून शंभरातले सतरा हा आकडा त्या दिवसापुरताच खरा. महिन्यानं तो कुठे जाईल याचा अंदाज करताना त्याला एका पिढीनं गुणावं लागतं.

वरच्या हलक्या जमिनीत भेगा कमी, पण मातीची भर पातळ. डिसेंबरात भर लावताना तिथे नांगराचा हात हलका पडला होता. वरंब्याच्या माथ्यालगतचे बटाटे उघडे पडले आणि हिरवे झाले. हिरव्या बटाट्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य शिजवून जात नाही, म्हणून तो माल भाजीचा नाही आणि जनावरांना घालायचाही नाही.

तिसरी गोष्ट ऊब. दुपारी दोनच्या सुमारास चार इंच खोलीवर तापमापी खुपसली, तर वरच्या एकरात ३१ अंश आणि खालच्या ओलसर एकरात २८ अंश निघाले. पाला उभा असतो तोवर वरंब्यावर सावली असते. पाला गेल्यावर ऊन सरळ मातीवर पडतं. जमीन २८ अंशांच्या पुढे सरकली, की चारकोल रॉट नावाची कूज जोर धरते. बटाट्याच्या डोळ्यांभोवती आणि त्वचेवरच्या बारीक छिद्रांभोवती काळे डाग येतात आणि आत काळा गर होतो. ऊब आणि ओल एकत्र आली तर जिवाणूंची मऊ कूज. नाल्याकाठचे बटाटे धुतले तेव्हा त्यांच्या सालीवर पांढरट बारीक पुटकुळ्या उठलेल्या होत्या. पाण्यात बुडालेल्या बटाट्याची श्वासाची छिद्रं अशी फुगून उघडी पडतात आणि जिवाणूंना वाट मोकळी होते. असा बटाटा हातात घेतला तर टणक लागतो, विकणाऱ्यालाही निर्मळ वाटतो आणि ढिगात गेल्यावर शेजारच्या दहांना घेऊन बसतो. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात कामाची माहिती या पुटकुळ्यांनी दिली.

समोरचे पर्याय

काकूंच्या अंगणात बसून बोलणं झालं. बटाईदारही होता, आणि त्याला बसवून घेणं मला आवश्यक वाटलं, कारण निम्मा बटाटा त्याचा होता.

होळी-रंगपंचमी होऊन मजूर परतेपर्यंत काहीच न करणं, हा पहिला पर्याय. काकूंचा कल अजूनही तिकडे होता. वरच्या एकरापुरता तो अगदीच वाईट नव्हता: माल थोडा घसरला असता, पण फार नाही. खालच्या एकरात मात्र हा पर्याय म्हणजे अर्धा माल सोडून देणं होतं.

दुसरा पर्याय पुतण्याचा. सगळं काढून शीतगृहात टाकू. यात दोन अडचणी होत्या. जागा आधी राखून ठेवलेली नव्हती, आणि मार्चमध्ये शीतगृहांच्या दारात ट्रॅक्टरांच्या रांगा असतात. शिवाय अळी लागलेला किंवा पाण्याखाली गेलेला माल तिथे नेणं म्हणजे भाडं भरून कूज सांभाळणं. खाण्याचा बटाटा बियाण्यासारखा २ ते ४ अंशांवर ठेवला की त्यातली साखर वाढते. मग तो गोडसर लागतो आणि तळल्यावर लालसर-काळा पडतो. माळव्याच्या बटाट्याला पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘इंदूरचा’ म्हणून जी मागणी आहे ती त्याच्या कोरड्या, कमी साखरेच्या गरासाठी. तो गुणच घालवून बसायचं, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

काढून झाडाच्या सावलीत ढीग लावायचा आणि थोडाथोडा विकायचा, हा तिसरा पर्याय. माळव्यात ही जुनी पद्धत आहे आणि नीट केली तर चालते.

चौथा: लगेच काढून जो भाव मिळेल त्याला विकून मोकळं व्हायचं.

चर्चा अडली ती या चारांपैकी एक निवडायचा असं धरून सगळे बोलत होते म्हणून. मी एवढंच सुचवलं, की शेताचे तीन भाग करू: वरचा एकर, खालच्या एकराचा उंच भाग आणि नाल्याकाठची पट्टी. तिघांचा निर्णय वेगवेगळा घेऊ.

त्यावर पहिला खरा मतभेद झाला. पुतण्याचं म्हणणं, चांगला माल वर आहे, आधी तो घरात आणू. बटाईदाराचं म्हणणं, सडतंय ते खाली, आधी ते वाचवू. दोघांचंही बरोबर होतं. निकाल वाफशानं लावला, म्हणजे ओल उतरून माती कामाजोगी कधी होते त्यानं. खालची काळी जमीन अजून चिखलाची होती. तिच्यात डिगर (बटाटा उकरायचं ट्रॅक्टरचं अवजार) घातला असता तर माती आणि बटाटा एकच झाला असता, आणि ओला बटाटा ढिगात गेला असता. वरची हलकी जमीन दोन दिवसांत वाफशावर आली. त्या पावसानं तिथे उलट उपकारच केले होते, कारण कोरड्या कडक ढेकळांतून बटाटा काढताना जो मार बसतो तो टळला.

काय केलं

ज्या दिवशी खालच्या एकरात पाय घालता येऊ लागला, त्या दिवशी बटाईदारानं बैलांचं कोळपं वरंब्यांच्या मधून फिरवलं. काढणीसाठी नव्हे, वरंब्यावर माती चढावी, भेगा बुजाव्यात आणि उघडे बटाटे झाकले जावेत म्हणून. एका माणसाचं आणि एका बैलजोडीचं काम. मजूर नसताना करता येण्यासारखी ही एकच गोष्ट होती आणि ती फेब्रुवारीतच झाली असती तर पाकोळीला वाटच मिळाली नसती. भेगा पाण्यानंही बुजतात, तुषार सिंचनाचं हलकं पाणी देण्याची शिफारस त्याचसाठी असते. पण पाला कापून महिना झालेला, जमीन तापलेली आणि वरून पाऊस पडून गेलेला, अशा वेळी आणखी पाणी देणं मला धोक्याचं वाटलं. पाकोळी टाळायला जाऊन कूज ओढवली असती.

वरच्या एकरात शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला डिगर लावून काढणी सुरू झाली. वेचायला गावातल्या बायका, बटाईदाराचं कुटुंब आणि सुट्टी टाकून आलेला पुतण्या. तेवढ्या हातांना दिवसाला पाव एकर झेपत होतं, म्हणून तेवढाच उकरायचा असं ठरवलं. पहाटे सुरू करून दहा-साडेदहाला थांबायचं. उकरलेला बटाटा उन्हात पडून राहिला तर त्वचा भाजते आणि आतला गर काळा पडतो, आणि संध्याकाळी शेतात राहिला तर पाकोळी रात्रीतून अंडी घालून जाते. डिगर पुढे आणि वेचणारे मागे, असं झालं की ट्रॅक्टरवाल्याला घाई असते. त्याला तासावर नव्हे, एकरावर पैसे कबूल केले. मग त्याची घाई गेली.

वेचतानाच चार टोपल्या ठेवल्या. हिरवा, अळीचा आणि मऊ माल त्याच दिवशी शेताबाहेर, वीतभर खोलीपेक्षा बऱ्याच खोल खड्ड्यात, वर दाबून माती. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१च्या काळात सेंद्रिय खताची जी ‘इंदूर पद्धत’ उभी केली, तिच्याच गावात सडका बटाटा उकिरड्यावर टाकू नये एवढं सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. खताचा ढीग पुरेसा तापला आणि वेळच्या वेळी उलटला गेला तर अळी मरते. नुसता उकिरड्यावर फेकलेला बटाटा पाकोळीचं पाळणाघर होतो.

दुसरा महत्त्वाचा प्रसंग ढिगांचा. पहिल्या दोन दिवसांचा निर्मळ माल कडुलिंबाखाली ढीग करून ठेवला. तो कशानं झाकायचा हे कुणी स्पष्ट बोललं नव्हतं. बटाईदारानं शेतात पडलेला बटाट्याचाच वाळका पाला गोळा करून व्यवस्थित पसरला. त्याच्या दृष्टीनं ती काळजी होती, आणि खरंच कष्ट घेऊन केलेली. पण त्या पाल्यात अळ्या असतात, आणि पाला सुकला की त्या खालच्या बटाट्यात उतरतात. पाचव्या दिवशी पुतण्यानं पाला उचलला तर राखाडी, बारीक पाकोळ्या उडाल्या. तो ढीग पूर्ण उलगडला, एकेक बटाटा पुन्हा बघितला. भुसा सांडावा तशी डोळ्यांजवळ काळपट पूड दिसली की तो बटाटा बाजूला.

पुढचे ढीग वेगळे लागले. पाकोळी दूर राहावी म्हणून खाली घाणेरीच्या वाळलेल्या पाल्याचा थर, वर बटाटा, त्यावर पुन्हा घाणेरीचा थर आणि सगळ्यावर गव्हाचं काड. घाणेरी नाल्याच्या कडेनं हवी तेवढी होती. ढिगाची उंची छातीखालीच ठेवली. त्यापेक्षा उंच ढिगात मधला बटाटा गुदमरतो. सूर्य फिरला की सावली सरकते, हे लक्षात घेऊन दुपारच्या बाजूला जुनी गोणपाटं बांधली. काकू रविवारी आल्या तेव्हा त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली ऊब बघितली आणि दुसऱ्या ढिगाजवळही तसंच केलं. मग त्यांनीच सांगितलं की पहिला ढीग आधी विका. तोवर थांबायच्या बाजूनं बोलणाऱ्या काकूंनी विकण्याचा निर्णय घेतला तो असा.

खालच्या एकराचा उंच भाग चौथ्या दिवशी वाफशावर आला. तो काढला, पण एक दाणाही ढिगात ठेवला नाही. वाळवून, छाटून त्याच संध्याकाळी कट्टे भरले आणि पहाटे चोइथराम मंडीत. काही माल महूतल्या एका गृहउद्योगानं थेट उचलला. मार्च-एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. चकत्या आणि उपासाचा कीस करणाऱ्यांना ताजा, पांढरा तळला जाणारा बटाटा लागतो आणि आकार थोडा कमीजास्त चालतो. गुल्ल्याला मंडीपेक्षा बरा भाव तिथे मिळाला.

नाल्याकाठची दहा-बारा गुंठ्यांची पट्टी सोडून दिली. काकूंना हे सगळ्यात जड गेलं. ‘‘पिकवलेलं मातीत कसं टाकायचं?’’ असं त्या म्हणाल्या. तिथे उकरलेल्या मीटरभर वरंब्यात हातात धरावा असा निम्माही माल नव्हता, आणि जो धरवत होता त्याच्या सालीवर पुटकुळ्या होत्या. तो काढायची मजुरीही निघाली नसती, आणि इतर मालात मिसळला असता तर तोटा वाढलाच असता.

निष्पत्ती

वरच्या एकरातला माल बऱ्यापैकी वाचला. साधारण तीन आठवडे ढिगात राहून तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात विकला गेला. तोवर भाव काढणीच्या दिवसांपेक्षा सुमारे चौथ्या हिश्शानं वर गेला होता. काकूंना वाटलं, थांबल्याचं चीज झालं. पुतण्यानं वहीत मांडलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. ढिगात गेलेल्या प्रत्येक शंभर किलोपैकी विकले गेले शहाऐंशी. काही वजन पाणी उडून कमी झालं, बाकी छाटणीत गेलं. शहाऐंशी किलो सव्वापट भावानं विकले तर जुन्या भावाचे एकशे साडेसात किलो विकल्यासारखं होतं. शंभरावरच्या साडेसातांतून दोनदा छाटणीची मजुरी आणि गोणपाटं वजा केली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

खालच्या एकराचा हिशेब याहून बोलका आहे. पट्टीसकट धरलं तर त्या एकरातल्या शंभरपैकी पंचावन्न बटाटे बाजारात गेले. फेब्रुवारीत काढला असता तर ते पंचाण्णवच्या आसपास असते. म्हणजे नुसतं फेब्रुवारीएवढं उत्पन्न यायला भाव जवळपास पावणेदोनपट व्हायला हवा होता. तसा तो कुठल्या वर्षी झालाच तर ती लॉटरी म्हणावी लागेल, त्यावर नियोजन करता येत नाही.

बियाण्याचा प्रश्नही निघाला. बटाईदाराला वरच्या एकरातला मध्यम आकाराचा माल पुढच्या लागवडीसाठी ठेवायचा होता. मी नको म्हटलं. ज्या शेतात पाकोळी आणि कूज दिसली त्यातलं बियाणं म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात तीच पाहुणी पुन्हा बोलावणं. ग्वाल्हेरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे पैदासकार, म्हणजे मूळ शुद्ध, बियाणं तयार होतं; त्या साखळीतलं प्रमाणित बियाणं घ्यावं असं ठरलं. खर्च वाढला, त्यावर कुणी खूश नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

भाव पडलेला असताना थांबावंसं वाटणं चूक आहे असं मला म्हणायचं नाही. पण थांबायचं कुठे, हा वेगळा प्रश्न आहे. माळव्यात जमीन हे कोठार फेब्रुवारीअखेरपर्यंतच चालतं. हिमाचलात किंवा थंड देशांत बटाटा मातीत आठवडेच्या आठवडे टिकतो म्हणून इथे टिकेल असं नाही. तिथे जमीन थंड होत जाते, इथे रोज तापत जाते. मंडीचा फलक रोज बघणाऱ्या या घरात जमिनीचा ताप बघायला कुणाकडे काही नव्हतं. साधी तापमापी पुरते. दुपारी दोनला, चार इंच खोल. लागोपाठ तीन-चार दिवस २८च्या वर गेली की माल काढायचा, भाव काहीही असो. पुढचं थांबणं ढिगात किंवा शीतगृहात.

मुकादम विचारायला आला तो दिवस माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा खरा वळणाचा दिवस. त्या दिवशी सगळा नाही तरी खालचा एकर काढता आला असता. भेगाळणारी जमीन आधी आणि हलकी नंतर, एवढी क्रमवारी ठरलेली असती तरी बरंच नुकसान टळलं असतं, आणि काकूंना होळीनंतरच्या भावाची वाटही अर्ध्या मालावर बघता आली असती. भगोरियाची तारीख पंचांगात असते. अवकाळी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण मजूर कधी जाणार हे डिसेंबरातच माहीत असतं.

शीतगृहात थोडीशी, वीस-पंचवीस टक्के मालापुरती जागा जानेवारीत राखून ठेवली असती तर ती सोडून द्यावी लागली तरी चाललं असतं. आणि डिसेंबरातली भर. वरच्या एकरातले हिरवे बटाटे मार्चमध्ये दिसले, पण ते घडले ते भर हलकी पडली तेव्हाच. दुसरी भर पुरेशी जाड असती तर शंभरातले ते नऊ बटाटे वाचले असते.

नाल्याकाठच्या पट्टीचं काम उन्हाळ्यातही संपलं नाही. नांगरून वर आलेले बटाटे वेचून पुरले, तरी पहिल्या पावसानंतर सोयाबीनमध्ये बटाट्याची झाडं उगवली. ती उपटावी लागली, कारण कीड आणि रोग अशाच चुकार झाडांवर पावसाळा काढतात.

शेवटचा मुद्दा बटाईच्या कराराचा होता. खालच्या एकरातला तोटा दोघांनी निम्मानिम्मा सोसला, कारण बोली तशीच होती. पण थांबायचा निर्णय एकट्या काकूंचा होता. बटाईदारानं तो विषय काढला नाही. पुतण्यानं काढला, आणि काकूंनी ऐकून घेतलं. पुढच्या हंगामासाठी कागदावर दोन ओळी वाढल्या: काढणीची तारीख दोघांनी मिळून ठरवायची, आणि एकानं थांबायचं म्हटलं आणि दुसऱ्यानं काढायचं, तर काढू म्हणणाऱ्याच्या वाट्याची ओळ आधी उकरून त्याला द्यायची.